वाट पाहण्याचा वेळ विश्रांतीत न मोजणारी वही : ‘चालक नोंदवही’चे परीक्षण

मालवाहू गाडीच्या चालकाचा दिवस कागदावर कसा मांडावा, याचा विचार आपल्या वाहतूक व्यवसायात फार कमी झालेला आहे. बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा ऑनलाइन दाखला), काटा पावती (वजनाची पावती), डिझेलची पावती आणि पोच (माल मिळाल्याचा सही-शिक्का) हे सारे कागद मालाचा आणि गाडीचा हिशेब सांगतात. परंतु चालक किती वेळ स्टिअरिंगवर होता, किती वेळ गेटबाहेर ताटकळला आणि किती वेळ खरोखर झोपला, हे त्यांपैकी एकाही कागदावरून कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कोल्हापुरातील एका छापखान्याने मराठीत ‘चालक नोंदवही’ काढली आहे. चालकांच्या नोंदी तपासणे, पार्टीकडे, म्हणजे माल पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या कंपनीकडे, हॉल्टिंगची (गाडी अडकून राहिल्याच्या भरपाईची) मागणी पाठवणे आणि महिनाअखेरीस भत्त्याचा हिशेब लावणे हे काम मी शिरोली औद्योगिक वसाहतीजवळच्या एका वाहतूक कार्यालयात करतो. आमच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर ही वही एक संपूर्ण गळीत हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा वापरली गेली, त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

वही आडवी, ए-पाच आकाराची आहे, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या कप्प्यात आरसी, परमिट आणि विम्याच्या कागदांसोबत ती सहज मावते. पुठ्ठा जाड असल्याने मांडीवर ठेवूनही लिहिता येते. आत पन्नास दिवसांची पाने आहेत. प्रत्येक दिवसासाठी एक पांढरे पान आणि त्याखाली पिवळी प्रत, मध्ये कार्बन घालून लिहायचे. फेरी संपल्यावर पांढरे पान फाडून कार्यालयात द्यायचे आणि पिवळी प्रत वहीत राहू द्यायची. चालकाने लिहिलेल्या नोंदीची एक प्रत चालकाकडेच उरते, ही या वहीची मला सर्वांत आधी पटलेली गोष्ट होय, कारण एरवी फेरीचा सगळा कागद मालकाच्या फायलीत जातो आणि दोन महिन्यांनी भत्त्यावरून वाद निघाला तर चालकाच्या हातात आठवणीशिवाय काहीच नसते. किंमत १२० रुपये आहे आणि या कागदाला व बांधणीला ती रास्त आहे.

पानाच्या मध्यभागी चोवीस तासांची आडवी पट्टी आहे आणि तिच्यात एकाखाली एक अशा चार ओळी आहेत : गाडी चालवणे, इतर काम, वाट पाहणे आणि विश्रांती. प्रत्येक तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग पाडलेले आहेत. चालकाने ज्या वेळी जे केले त्या ओळीत रेघ ओढायची आणि काम बदलले की तीच रेघ उभी नेऊन दुसऱ्या ओळीत चालू ठेवायची, म्हणजे दिवसाअखेर पायऱ्यांसारखी एक अखंड रेघ तयार होते. ती कुठे तुटलेली असेल तर तेवढ्या वेळाची नोंद राहून गेली आहे, हे पान समोर येताच दिसते. ही पद्धत छापखान्याने स्वतः शोधलेली नाही. अमेरिकेतील चालकांच्या कागदी लॉगवर अशीच चार ओळींची पट्टी असते, आणि युरोपातील अवजड वाहनांत चालकाच्या वेळा नोंदवण्यासाठी बसवलेल्या टॅकोग्राफ यंत्रावर स्टिअरिंगचे चाक, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे, तिरकी रेघ मारलेला चौकोन आणि पलंग अशी चार चिन्हे असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे चालवणे, इतर काम, उपलब्ध असणे आणि विश्रांती असा आहे. आपल्या वहीने ओळींची फोड युरोपची घेतली आणि रेघेची रीत अमेरिकेची घेतली, असे दिसते.

मात्र तिसऱ्या ओळीबाबत वहीने युरोपचा नियम जसाच्या तसा उचललेला नाही, आणि हे योग्यच झाले. तिथे वाट पाहण्याचा वेळ ‘उपलब्धता’ म्हणून वेगळा नोंदवायचा असेल तर तो साधारण किती असेल, हे चालकाला आधी ठाऊक असावे लागते. दोन तासांनी या, असे स्पष्ट सांगितलेले असेल तरच ते चिन्ह लागू होते. आपल्याकडच्या गेटवर असे कुणी सांगत नाही. म्हणून वहीने ही ओळ केवळ ‘वाट पाहणे’ अशी ठेवली आहे आणि तिच्यापुढे ‘कारण’ व ‘सूचना कोणी दिली’ असे दोन रकाने दिले आहेत. माझ्या मते संपूर्ण वहीचे मोल या दोन रकान्यांत आहे.

याचे कारण कायद्यात सापडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने चालकांच्या कामाच्या तासांसाठी मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ कडे बोट दाखवले, आणि त्या अधिनियमाने ‘कामाचे तास’ म्हणजे चालक मालकाच्या किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या अन्य कोणाच्या दिमतीस असतो तो वेळ, अशी व्याख्या केली. गाडी भरणे आणि उतरवणे, गाडीची देखभाल-दुरुस्ती, नोंदी आणि हिशेबाचे काम हे सारे अनुषंगिक काम म्हणून त्यात स्पष्टपणे धरलेले होते. नुसती हजेरी, म्हणजे बोलावणे येईल म्हणून जागेवर थांबून राहणे, ही पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तीही कामाच्या तासांत मोजायची, असेही त्यात म्हटले होते. याउलट ज्या वेळात चालक स्वतःच्या मर्जीने वागायला मोकळा असतो तो वेळ वेगळा काढलेला होता. चालता काळ (गाडी कामावर चालू असल्याचा वेळ), अनुषंगिक काम आणि पंधरा मिनिटांहून कमी हजेरी ही तिहेरी फोड व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही कायम राहिली आहे. तेव्हा गाडी थांबलेली असताना चालक मोकळा होता की बांधलेला होता, हाच प्रश्न निर्णायक ठरतो, आणि ‘सूचना कोणी दिली’ हा रकाना नेमका त्याचे उत्तर मागतो.

आमच्या एका ज्येष्ठ चालकाची दोन पाने या दृष्टीने तपशिलाने पाहण्यासारखी आहेत. शिरोलीच्या एका फाउंड्रीतून कास्टिंग भरून त्यांना चाकणच्या एका कारखान्यात पोहोचवायचे होते. संध्याकाळी साडेसात ते सव्वानऊ माल भरणे आणि ताडपत्री बांधणे हे त्यांनी ‘इतर काम’ या ओळीत दाखवले. साडेनऊला गाडी निघाली. रात्री साडेबाराला साताऱ्याजवळ अर्धा तास विश्रांती. पहाटे पाच चाळीसला चाकणच्या गेटवर पोहोच. तिथून रेघ तिसऱ्या ओळीत उतरते आणि सव्वानऊपर्यंत तिथेच राहते. कारणाच्या रकान्यात ‘रांग’ असे लिहिलेले आहे, आणि सूचनेच्या रकान्यात सुरक्षारक्षकाचे शब्द आहेत : “मामा, नंबर लागला की हाक मारतो, गाडीतच बसा.” त्यापुढे बारीक अक्षरांत, ‘दर थोड्या वेळाने गाडी पुढे घेतली’. सव्वानऊला आत, नऊ चाळीसला काट्यावर, अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत माल उतरवणे, आणि शिक्का मारलेली पोच हातात आली ती बारा वाजून वीस मिनिटांनी.

या पानांवरून काय कळते ते पाहू. कारखान्याच्या रजिस्टरप्रमाणे गाडी सव्वानऊला आली, म्हणजे ती तिथे तीन तास पाच मिनिटे होती. चालकाच्या पानाप्रमाणे ती सहा तास चाळीस मिनिटे अडकून पडली होती. हॉल्टिंगच्या बहुतेक वादांचे मूळ याच फरकात असते : पार्टी गाडी आत घेतल्याची वेळ धरते आणि वाहतूकदार गाडी हजर झाल्याची वेळ धरतो. वहीत ‘गेटवर हजर’ आणि ‘गेटच्या आत’ असे दोन स्वतंत्र चौकोन छापलेले असल्यामुळे दोन्ही वेळा लिहिणे चालकाला भाग पडते. आमच्या जुन्या साध्या डायरीत ‘पोहोचलो’ एवढाच एक रकाना होता, आणि त्यात कोणी हजर झाल्याची तर कोणी आत गेल्याची वेळ लिहीत असे.

दुसरी गोष्ट पैशांची नसून माणसाची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. १९६१ च्या अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम नको आणि त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती हवी, असे सांगितले होते. हे पाच तास केवळ गाडी चालवण्याचे नव्हते, कामाचे होते. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांचा खंड घ्यावा लागतो, तिथे गणना चालवण्याची होते. आपल्याकडे गाडी भरायला उभे राहिल्यापासून घड्याळ सुरू होते. म्हणूनच या चालकाने साडेसातपासून पाच तास मोजले आणि जेमतेम तीन तास चालवून झालेले असतानाही साताऱ्याजवळ गाडी बाजूला घेतली. पट्टीवर ‘इतर काम’ ही ओळ वेगळी नसती तर भरण्याचा पावणेदोन तासांचा वेळ कुणाच्या हिशेबात आलाच नसता, आणि पुढचा थांबा खंबाटकी घाट उतरून गेल्यावर पडला असता.

त्याच अधिनियमाने विश्रांती धरून दिवसाच्या कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत ठेवायला सांगितला. साडेसातला सुरू झालेल्या या दिवसाचे बारा तास दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुरे झाले. त्या वेळी हा माणूस रांगेत, स्टिअरिंगमागे, हाक येण्याची वाट पाहत बसलेला होता. पोच मिळाली तेव्हा जवळजवळ सतरा तास झाले होते. एरवी कार्यालयात बसलेल्या माणसाचा समज असा असतो की गाडी सकाळभर उभी होती, म्हणजे चालकाची झोप झाली, आणि मग दुपारी एक वाजता भोसरीतून परतीचा माल उचलायचा निरोप जातो. हे पान पाहिल्यावर असा निरोप देणे शक्य नव्हते. पाने त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर आली, परतीचा माल दुसऱ्या गाडीला दिला आणि या गाडीला नऊ तासांची सलग विश्रांती मिळाली. दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती असावी, हेही त्याच अधिनियमाने घालून दिलेले माप होते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी हा कायदा होता. एकदोन गाड्यांच्या मालकांना तो लागू नव्हता म्हणून त्यांच्या चालकांची झोप कमी महत्त्वाची ठरत नाही.

आता नोंदीच्या पुराव्याविषयी. वहीत ‘गेटवरील सही व शिक्का’ असा चौकोन आहे, परंतु तो बहुतेक पानांवर रिकामाच राहतो, कारण सुरक्षारक्षकाला हजेरीची वेळ लिहून देण्याचा अधिकार नसतो किंवा तो देऊ इच्छित नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गेटवर जायचे असते. त्या मानाने शेजारचा ‘काटा पावती क्रमांक’ हा चौकोन फार उपयोगी पडतो, कारण काट्याच्या पावतीवर वेळ छापून येते आणि ती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. टोलचेही तसेच. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर या चारही नाक्यांवर फास्टॅगमधून पैसे कापल्याची वेळ नोंदली जाते, आणि तो संदेश गाडीमालकाच्या मोबाइलवर येतो. चालकाच्या रेघेवर साडेनऊला शिरोली सोडली असेल आणि दहाच्या आसपास किणीचा संदेश असेल, तर बाकीच्या रेघेवरही विश्वास ठेवायला जागा मिळते. वहीत टोलच्या वेळांसाठी स्वतंत्र जागा नाही. आमचे चालक त्या वेळा पट्टीच्या वरच्या कोऱ्या भागात लिहितात. गेटवर सही मिळत नसेल तर कारखान्याची पाटी आणि पुढची रांग दिसेल असा फोटो काढून लगेच कार्यालयाच्या गटात टाकायचा, असाही आमच्याकडे शिरस्ता पडला आहे. फोटो ज्या मिनिटाला गटात पडतो ती वेळ नंतर बदलता येत नाही.

दोष सांगितले नाहीत तर हे परीक्षण अपुरे ठरेल, आणि ते किरकोळ नाहीत.

सर्वांत मोठा दोष मध्यरात्रीचा आहे. प्रत्येक पान रात्री बारा ते रात्री बारा असे आखलेले आहे, तर लांब पल्ल्याची मालवाहतूक प्रामुख्याने रात्री चालते. वर सांगितलेली फेरी त्यामुळे दोन पानांत तुटली. पाच तासांचा पहिला टप्पा साडेचार तास एका पानावर आणि अर्धा तास दुसऱ्या पानावर असा विभागला गेला, आणि बारा तासांचा पसारा कुठे संपला हे शोधायला दोन्ही पाने शेजारी ठेवावी लागली. सलग नऊ तासांच्या विश्रांतीबाबत तर हे अधिकच गैरसोयीचे आहे. रात्री नऊला झोपून सकाळी सहाला उठलेल्या चालकाची विश्रांती एका पानावर तीन तास आणि दुसऱ्या पानावर सहा तास अशी दिसते, आणि एकेक पान तपासणाऱ्याला दोन्ही दिवशी विश्रांती अपुरी पडल्यासारखी वाटते. पट्टीवरचे तास कोरे ठेवून चालकाने कामावर आल्याच्या तासापासून ते स्वतः भरावेत, अशी सोय केली तर हा प्रश्न सुटेल. तेवढे शक्य नसेल तर पानाच्या डाव्या कडेला ‘आधीच्या पानावरून आलेला वेळ’ असा चौकोन तरी हवा.

दुसरा दोष पानाच्या तळाशी आहे. तिथे ‘जेवण : १ तास’ असे आधीच छापलेले आहे आणि त्यापुढे फक्त सुरुवातीची वेळ भरायची आहे. सोय म्हणून केलेली ही गोष्ट नोंदीला मारक ठरते, कारण प्रत्यक्षात जेवण कधी वीस मिनिटांत उरकते, कधी ताट समोर आल्यावर गाडी पुढे घ्यायची हाक येते आणि विश्रांती मोडते. मोडलेली विश्रांती मोडलेली म्हणूनच लिहिली पाहिजे. सगळ्या पानांवर एकसारखा एक तास दिसू लागला की वाचणाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही भरवसा उडतो. आम्ही चालकांना हा चौकोन काट मारून सोडायला आणि जेवणाची वेळ पट्टीवरच दाखवायला सांगितले आहे. पुढच्या आवृत्तीतून तो काढूनच टाकावा.

घरे लहान आहेत, हीसुद्धा चालकांची एकमुखी तक्रार आहे. आडव्या पानाच्या रुंदीत चोवीस तासांचे शहाण्णव भाग बसवल्यावर प्रत्येक भाग जेमतेम दोन मिलिमीटरचा उरतो. केबिनमधल्या मंद दिव्यात, बॉलपेनाने, ग्रीसच्या हातांनी त्यात नेमकी रेघ ओढणे कठीण जाते. रेघ थोडी इकडेतिकडे गेली तरी चालते, पण बदलाची वेळ खाली आकड्यांत लिहायला दिलेल्या ओळी फक्त सहा आहेत आणि एका गेटवरच चार बदल होतात. त्या किमान बारा हव्यात. कार्बनविषयी सांगायचे तर उन्हाळ्यात डॅशबोर्डवर वही राहिली की तो चिकट होतो आणि पिवळ्या प्रतीवर डाग पडतात. वही आसनामागच्या कप्प्यात ठेवल्यावर हा त्रास कमी झाला.

आतल्या पुठ्ठ्यावर १९६१ च्या अधिनियमातील तासांचे नियम सोप्या मराठीत छापले आहेत : दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस; लांब पल्ल्यासाठी सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न; जादा कामाला दुप्पट दराने मजुरी. हा मजकूर त्या अधिनियमापुरता अचूक आहे आणि भाषाही चांगली आहे. तथापि जुन्या श्रम कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असल्याने या पानावर आता २०२० च्या संहितेचा उल्लेख यायलाच हवा. चालकाने गेटवर किंवा कार्यालयात हे पान दाखवले आणि समोरच्याने जुना कायदा म्हणून ते बाजूला सारले, असे होऊ नये.

गाडीत जीपीएस आहे, मग वही कशाला, असे मालक मंडळी विचारतात. जीपीएसचा अहवाल गाडी कुठे आणि किती वेळ उभी होती हे वहीपेक्षा चांगले सांगतो, यात शंका नाही. परंतु इंजिन बंद असताना चालक ढाब्यावरच्या खाटेवर झोपला होता, की रांगेत जागा होता, की फोर्कलिफ्टजवळ उभा राहून नग मोजत होता, हे त्याला कळत नाही. तिन्हींची नोंद ‘गाडी उभी’ अशीच येते. चाकणच्या त्या सकाळचा जीपीएस अहवाल आम्ही काढून पाहिला. पाच चाळीस ते सव्वानऊ या वेळात काही मीटरच्या हालचाली सोडल्या तर एक लांबलचक थांबा होता, आणि केवळ तोच कागद पाहणाऱ्याने त्याला विश्रांती म्हटले असते. मोबाइलवरची काही ॲपही आम्ही वापरून पाहिली. त्यांत ‘काम’ आणि ‘ब्रेक’ अशी दोनच बटणे होती, बहुतेकांची भाषा इंग्रजी किंवा हिंदी होती, आणि बटण दाबायचे राहिले तर मागची वेळ दुरुस्त करताना कारण लिहायला जागा नव्हती. जीपीएस आणि वही एकत्र वापरावी, असे माझे मत आहे. एकाने दुसऱ्याची पडताळणी होते.

‘कारण’ या रकान्यासाठी वहीने दिलेली संक्षिप्त यादी विचारपूर्वक केलेली आहे : रांग, काटा, कागदपत्रे, हमाल नाहीत, प्रवेशबंदी, बिघाड, वाहतूक खोळंबा, पूर. शेवटचा शब्द कोल्हापूरच्या छापखान्यालाच सुचू शकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद राहिली, तेव्हा दोन्ही बाजूंना मालाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. अशा काळाची नोंद वेगळी हवी, कारण बिघाड, वाहतुकीतील अडथळा किंवा नैसर्गिक आपत्ती यांसाठी १९६१ च्या अधिनियमाने तासांच्या मर्यादेला अपवाद केलेला होता, तर कारखान्याच्या गेटवरची रोजची रांग त्या अपवादात बसत नव्हती. दोन्ही थांब्यांना एकच नाव दिले की रोजची रांगसुद्धा दैवी आपत्तीच्या खात्यात जाते. पुरात अडकलेला चालक मोकळा असतो, असेही समजू नये. भरलेली गाडी सोडून तो जाऊ शकत नाही. डिझेल आणि ताडपत्री राखत रात्र काढतो. त्यासाठी यादीत ‘मालाची राखण’ असा एक शब्द वाढवायला हवा.

ई-वे बिलाशी या नोंदींचा थेट संबंध आहे, पण वहीने तो लक्षात घेतलेला नाही. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत आहे, आणि गाडी रांगेत उभी असताना ती मुदत थांबत नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती कारणासह वाढवून घेता येते. पानाच्या माथ्यावर बिलाच्या क्रमांकाशेजारी ‘मुदत कधीपर्यंत’ एवढा एक चौकोन दिला तर थांबा लांबतो आहे हे पाहून चालक कार्यालयाला वेळेवर फोन करू शकेल.

ऊस वाहतूक करणाऱ्यांनी ही वही घेऊ नये, असे मी सांगेन. शेत ते कारखाना अशा छोट्या खेपा, कारखान्याच्या यार्डातले नंबर आणि तिथली रात्रभराची वाट यांना वेगळी आखणी लागते, आणि तशी वही कुणी काढली तर तिचीही फार गरज आहे. शहरातल्या शहरात, मार्केट यार्ड किंवा लक्ष्मीपुरीत माल पोहोचवणाऱ्या टेम्पोचालकांनाही तिचा फारसा उपयोग नाही. दोन चालक आळीपाळीने चालवतात अशा गाडीवर प्रत्येकाची वेगळी वही ठेवावी लागते, कारण एका पानावर एकाच माणसाची रेघ मावते. चालत्या गाडीत मागच्या बाकावर आडव्या झालेल्या दुसऱ्या चालकाचा वेळ कोणत्या ओळीत दाखवायचा, याचा खुलासा छापखान्याने आतल्या पुठ्ठ्यावर करावा.

पुणे, मुंबई, बंगळूर किंवा त्यापुढे जाणाऱ्या गाड्यांसाठी मात्र मराठीत याहून चांगली वही माझ्या पाहण्यात नाही आणि ती मी निःसंकोच सुचवतो. लक्ष्मीपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत ती मिळते. एकगठ्ठा मागणी दिल्यास छापखाना संस्थेचे नाव आणि हव्या त्या दुरुस्त्या छापून देतो, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानुसार आम्ही ‘जेवण : १ तास’ हा चौकोन वगळून, सहाच्या जागी बारा ओळी आणि पट्टीवर कोरे तास अशी पुढची मागणी नोंदवली आहे. त्या वह्या दिवाळीपूर्वी हाती येतील.